इंजिन उघडलंत? मग आधी हेड तपासा
(एका ऊस उत्पादक सभासदाकडून)



गळीत हंगाम आटोपतो, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परततात आणि पहिला पाऊस पडून गेला की आपल्या भागातील प्रत्येक गॅरेजच्या दारात दोन-चार ट्रॅक्टर पोट उघडे टाकून उभे दिसतात. कारखान्यात या दिवसांत मिलचे रोलर बाहेर निघतात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात. तसेच आपल्या ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरांचेही आहे. वर्षभर रेटलेले इंजिन दसऱ्याच्या आत नीट करून घ्यावयाचे, म्हणजे मोळी पडली की गाडी फडात उभी राहिली पाहिजे.

या कामात लायनर-पिस्टन नवे घ्यावे की नाही, बेअरिंग कोणत्या साईझचे, पंप-नोझल कोठे द्यावे यावर आपण चार जणांना विचारतो. हेडबद्दल मात्र कोणी फारसे विचारीत नाही. हेड धुतले, व्हॉल्व्ह घासले, नवे पॅकिंग टाकले आणि बसविले. मीही असेच केले होते. त्याची गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचे सर्व त्यातूनच शिकलो.

1986-87 च्या हंगामाची गोष्ट. जुना घेतलेला तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि वाहतुकीचा करार. त्याआधीच्या उन्हाळ्यात नांगरटीच्या वेळी रेडिएटर गळून इंजिन एकदा सडकून तापले होते. ड्रायव्हरने घाबरून कालव्याच्या पाण्याची बादली तशीच रेडिएटरमध्ये ओतली. इंजिन त्या दिवशी चालू झाले म्हणून आम्ही विषय सोडून दिला. पावसाळ्यात तालुक्याच्या गावी गॅरेजला इंजिन उघडले. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सर्व नवे घेतले. पैसे संपत आले होते. हेडचे काय, असे मी विचारले तेव्हा मिस्त्री म्हणाला, "हेडला काय हुतंय? बघा की, आरशागत हाय." खरोखरच फेस आरशासारखा दिसत होता. मला तेच ऐकायचे होते, म्हणून मी पुढे काही बोललो नाही.

हंगामाच्या नवव्या दिवशी भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन चढ चढताना काटा लालवर गेला. बाहेर कोठेही गळती नाही आणि रेडिएटर मात्र अर्धा रिकामा. ड्रायव्हरने पाणी भरून गाडी कशीबशी काट्यावर आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑइलची पट्टी काढली, तर ऑइल दुधाच्या चहासारखे. इंजिन पुन्हा उतरले. नवी बेअरिंगे पाणीमिश्रित ऑइलाने खाल्लेली. आणि हेडला दोन नंबरच्या सिलिंडरवर व्हॉल्व्ह सीटपासून नोझलच्या भोकापर्यंत केसासारखी रेघ. ती रेघ पावसाळ्यातही तेथे असणारच. कोणी शोधली नव्हती, इतकेच.

तीन आठवडे ट्रॅक्टर उभा राहिला. टोळीची उचल देऊन झाली होती. तोडलेल्या एका फडाचा ऊस दुसऱ्याच्या गाडीने न्यावा लागला, आणि तोही चार दिवस वाळल्यावर. वजनात किती फटका बसतो ते आपणांस सांगावयास नको. मुकादम तोंडाने काही बोलला नाही. रोज सकाळी कोपीतून उठून येई, उघड्या इंजिनाकडे बघे आणि परत जाई.

तडा जातो कसा

हेड म्हणजे सिलिंडरवरचे झाकण. पण या झाकणावर काय गुजरते ते पहा. डिझेल पेटते त्या क्षणी सिलिंडरमधील दाब दर चौरस सेंटिमीटरला 80 किलो धरला आणि बोअर 100 मि.मी. धरला, तर हेडवर खालून सहा टनांहून अधिक जोर येतो. बैलगाडीत दीड-दोन टन ऊस धरा, म्हणजे तीन-चार भरल्या गाड्यांचा भार झाला. इंजिन मिनिटाला 1,500 फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरवर हा दणका मिनिटाला 750 वेळा बसतो.

त्याहून वाईट उष्णता. पेटत्या वायूचे तापमान क्षणभर 2,000 अंशांच्याही वर जाते, आणि बोटभर जाडीच्या लोखंडाच्या पलीकडे पाणी असते 80-90 अंशांचे. दोन व्हॉल्व्ह सीटांच्या मधला भाग अरुंद असतो. तेथे आच सर्वांत जास्त आणि पाणी पोहोचावयास जागा सर्वांत कमी. तो भाग तापून फुगू पाहतो, पण सभोवारचे गार लोखंड त्याला फुगू देत नाही. म्हणून तो आतल्या आत दाबला जातो. इंजिन थंड झाले की तोच भाग ओढला जातो. बीडाचे लोखंड दाब सोसते, ओढ सोसत नाही. असे हजारो वेळा झाले की रेघ पडते. गुऱ्हाळातील तापलेल्या काहिलीवर कोणी गार पाणी मारीत नाही. तापलेल्या इंजिनात मात्र आपण बादली ओततो.

यात विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याचा वाटा मोठा आहे. आपल्या भागात पाण्यात क्षार फार. हेडच्या आतील पाण्याच्या वाटांत पांढरी खपली धरते. ती उष्णता नीट जाऊ देत नाही. काटा बाहेर ठीक दाखवीत असतो आणि आत सीटांच्या मधले लोखंड भाजत असते. रेडिएटरमध्ये कंपनीने सांगितलेले कूलंट आणि शुद्ध पाणी घालणे हा शौक नव्हे. निदान पावसाचे साठविलेले पाणी तरी घालावे.

उघडण्याआधी इंजिन काय सांगते

बाहेर गळती नसताना पाणी कमी होणे, गार इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येणे, तापल्यानंतरही पांढरा धूर न थांबणे, ऑइल दुधाळ होणे, ही लक्षणे दिसली तर पॅकिंग तरी गेले आहे किंवा हेडला तरी तडा आहे. रात्रभर उभ्या गाडीचे इंजिन सकाळी स्टार्टरने हलेना, तर जबरदस्ती करू नये. सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असू शकते. पाणी दाबले जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझले काढून इंजिन हाताने फिरवून पहावे. पाणी असेल तर ते भोकातून बाहेर येईल.

आपल्याकडे "पॅकिंग गेलं" एवढे म्हणून नवे पॅकिंग टाकण्याची घाई होते. पॅकिंग का गेले, हे विचारले जात नाही. वाकलेल्या हेडाखाली नवे पॅकिंग टाकले तर तेही जाते.

तपासणीचा क्रम

हेड सोडताना नट गार इंजिनावर, आणि एकदम न सोडता कडेकडून मध्याकडे थोडेथोडे ढिले करावेत. गरम असताना सोडले तर चांगले हेडही वाकण्याचा संभव असतो. पॅकिंग फेकून देऊ नये. ते नीट पाहावे. जेथे काळा पट्टा दोन सिलिंडरांच्या मध्ये किंवा सिलिंडरपासून पाण्याच्या भोकापर्यंत गेलेला दिसेल, तेथे हेडवर खडूने खूण करून ठेवावी. तपासणाऱ्याचे अर्धे काम झाले.

मग धुणे. बीडाचे हेड कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात उकळून काढता येते. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. अलीकडील पिकअप व मोटारींची हेडे अॅल्युमिनियमची असतात, ती कॉस्टिकमध्ये कदापि टाकू नयेत. कॉस्टिक अॅल्युमिनियम खाऊन टाकते. एक गोष्ट गॅरेजवाल्याला आधीच सांगावी: ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून फेस चकचकीत करू नका. त्याने लोखंड घासटून रेघेचे तोंड बुजते. तडा राहतो आणि दिसेनासा होतो. माझा "आरसा" बहुधा असाच झाला होता.

धुतलेले हेड उन्हात घेऊन भिंगाने पाहावे. सीटांच्या मधली जागा, सीट ते नोझलचे भोक, स्टडांची भोके, पाण्याची भोके. पाण्याच्या भोकांच्या कडा गंजून खाल्ल्या असतील तर पॅकिंग तेथे टेकत नाही. बाजूचे पत्र्याचे बूच, ज्यांना कोअर प्लग म्हणतात, तेही पाहावेत. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचल्यावर भोक पडले तर बदलावेत.

आता रेघ शोधण्याचा जुना, घरगुती उपाय. एस. टी. वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका वयस्कर मिस्त्रींनी तो मला दुसऱ्या वेळी इंजिन बांधताना दाखविला. कोरड्या हेडला रॉकेल किंवा पातळ तेल लावून अर्धा तास मुरू द्यावे. फडक्याने अगदी कोरडे पुसावे. मग खडूची पूड पातळ फासावी किंवा खडू स्पिरिटमध्ये कालवून लेप द्यावा. रेघेत मुरलेले तेल हळूहळू वर येते आणि पांढऱ्यावर काळपट ओली ओळ उमटते. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेल चालते. रेल्वेच्या वर्कशॉपांत आस व कपलिंगचे तडे फार वर्षे याच रीतीने शोधीत असत. ओळ उमटलेली पाहून मी म्हणालो, इतके सोपे होते तर! त्यावर मिस्त्री म्हणाले, "सोपं हाय, पन अर्धा तास बसायला कुनाला हवंय?"

याचीच सुधारलेली आवृत्ती म्हणजे बाजारात मिळणारा तीन डब्यांचा संच. पहिल्याने साफ करावयाचे, दुसऱ्यातील लाल रंग मारून दहा-पंधरा मिनिटे थांबावयाचे, पुसून तिसऱ्यातील पांढरी पूड फवारावयाची. तडा असेल तर लाल ओळ दिसते. लोखंडी आणि अॅल्युमिनियम दोन्ही हेडांना हे चालते. मोठ्या मशीन शॉपमध्ये चुंबक लावून वर लोखंडाची बारीक पूड टाकतात. पूड तड्यावर गोळा होते. 1920 च्या दशकात अमेरिकेत विल्यम होक यांना चुंबकाच्या बैठकीवर धरून घासलेल्या सुट्या भागांवर लोखंडाचा कीस तड्याच्या ओळीने जमलेला दिसला, त्यातून ही रीत निघाली. ही केवळ लोखंडाला लागू पडते. चुंबक एकदा उभा आणि एकदा आडवा लावावा लागतो, कारण चुंबकाच्या ओढीच्या दिशेनेच धावणारी रेघ पूड धरीत नाही. तपासणारा चुंबक फिरवीत नसेल, तर त्याला फिरवायला सांगा.

दाबाची चाचणी

वरील सर्व उपाय डोळ्यासमोरच्या भागाचे. पण हेडच्या पोटात, पोर्टच्या आत, पाण्याच्या वाटेत असलेला तडा खडूला दिसत नाही आणि चुंबकालाही कळत नाही. त्याला उपाय एकच, तो म्हणजे दाब.

पाण्याची सर्व भोके रबर आणि पट्ट्या लावून बंद करतात, एका भोकातून हवा भरतात आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवितात. पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात धरतो, अगदी तसेच. दाब साधारण दोन किलोच्या आसपास असतो. नेमका आकडा आपल्या इंजिनाच्या पुस्तकात पाहावा. पाणी गरम का? तर कित्येक तडे थंड लोखंडात मिटलेले असतात आणि तापल्यावर उघडतात. गार पाण्यात पास झालेले हेड रस्त्यावर नापास होते ते यामुळेच. म्हणून हेड टाकीत चांगले तापू द्यावे, आणि दाब दिल्यावर काही वेळ वाट पाहावी. एखादाच बुडबुडा सावकाश येतो.

कारखान्यातील बॉयलरला पाण्याचा दाब देऊन बॉयलर इन्स्पेक्टरसमोर तपासल्याशिवाय आपण पेटवू देत नाही. बॉयलरचे काम आपण नियमाने करतो. हेडच्या बाबतीत नियम आपणच करावयाचा आहे.

येथे माझा आग्रह आहे. ही चाचणी सर्वांत आधी करावी. बहुतेक ठिकाणी आधी नव्या सीटा, नवे गाईड, फेसिंग, सर्व मजुरी होते आणि मग तडा निघतो. गेलेली मजुरी परत येत नाही, म्हणून गाडी तशीच जोडण्याचा मोह मालकाला आणि मिस्त्रीला दोघांनाही होतो. चाचणीचा खर्च नव्या हेडच्या किमतीपुढे किरकोळ आहे. शक्यतो चाचणीच्या वेळी स्वतः उभे राहावे. नंतर सीटा बदलल्या किंवा वेल्डिंग केले, तर पुन्हा एकदा टाकीत घालावे, कारण सीट ठोकतानाही तडा जातो.

वाक आणि फेसिंग

तड्याच्या खालोखाल वाक. एक खात्रीची सरळ पट्टी फेसवर उभी धरावी आणि खाली फिलर गेजची पाती सरकते का पाहावे. लांबीत दोन्ही कडांना, रुंदीत दोन्ही टोकांना, आणि दोन्ही कर्णांवर. लांबट तीन सिलिंडरच्या हेडला लांबीत साधारण 0.15 मि.मी. आणि रुंदीत 0.08 मि.मी. पर्यंत चालते, त्यापुढे फेस मारावा लागतो. वहीचा कागद साधारण 0.1 मि.मी. जाड असतो, यावरून कल्पना यावी. पुस्तकातील आकडा वेगळा असेल तर तोच खरा मानावा.

फेस मारतानाही हात राखून. दर ओव्हरहॉलला थोडेथोडे घासत गेले की हेड पातळ होते, व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि नोझलचे टोक जास्त खाली उतरते. किमान जाडी किती ठेवावयाची ते पुस्तकात असते. मारण्यापूर्वी जाडी मोजून कागदावर लिहून घ्या. जुना ट्रॅक्टर घेतलेल्यांनी तर नक्कीच, कारण आधीच्या मालकाने किती वेळा घासले ते आपणांस ठाऊक नसते.

व्हॉल्व्ह गाईडमध्ये हलतो का ते हाताने पाहावे. सीट घासून झाल्यावर व्हॉल्व्ह स्प्रिंगसह बसवून पोर्टमध्ये डिझेल ओतावे. कडेने झिरपले तर काम पुन्हा.

तडा निघाला तर

हेड टाकून द्यावे की दुरुस्त करावे? प्रत्येक रेघ सारखी नसते. सीटांच्या मधली अगदी आखूड, वरवरची रेघ काही इंजिनांच्या कंपन्या चालवून घेतात. ते पुस्तकात पाहावे. पण रेघ सीट कापून गेली असेल, नोझलच्या भोकात उतरली असेल किंवा पाण्याला मिळाली असेल, तर ऊस वाहतुकीच्या गाडीला ते हेड बसवू नये, असे माझे मत आहे. बीडाचे वेल्डिंग संपूर्ण हेड भट्टीत तापवून आणि सावकाश निववून केले तरच टिकते. रस्त्याकडेला गार हेडवर मारलेली टाकी शेजारी नवा तडा काढते. पिना ठोकून शिवण्याची पद्धत जाणत्या हाताने केली तर चांगली असते, पण ती बाहेरच्या भिंतीला अधिक योग्य. व्हॉल्व्हांच्या मधल्या भाजणाऱ्या जागी मी तिच्यावर भरवसा ठेवणार नाही. पाणी ओढणाऱ्या पंपाच्या इंजिनाची गोष्ट वेगळी. ते बंद पडले तर एक पाळी चुकेल. भरल्या ट्रॉल्या चढावर बंद पडल्या, तर मागच्या माणसांचा जीव जातो.

जोडताना स्टडांचे आटे साफ, टॉर्कचा पाना, आणि मध्यापासून बाहेर दोन-तीन टप्प्यांत आवळणे. अंदाजाने पाइप लावून आवळू नये.

यंदा जूनमध्ये पुतण्याने आपला ट्रॅक्टर उघडला. हेड घेऊन आम्ही दोघे मशीन शॉपला गेलो. पाणी तापले, दाब दिला. पाच मिनिटे काहीच नाही. पुतण्या चप्पल घालू लागला. तेवढ्यात तिसऱ्या सिलिंडरच्या पोर्टमधून एक बुडबुडा वर आला, आणि थोड्या वेळाने त्याच जागी आणखी एक.

"तात्या, एक हंगाम काढंल का ह्यो?"

मी त्याला कोपीतून उठून येणाऱ्या मुकादमाची गोष्ट सांगितली. त्याने तेथूनच नव्या हेडची मागणी नोंदविली. हेड आले, तेव्हा तेही टाकीत घालावयास मी सांगितले. नव्या मालाला कशाला, म्हणून दुकानदार हसला. वीस मिनिटे बुडवून ठेवले, बुडबुडा आला नाही. हवेने कोरडे केले, फेसला तेल चोपडले आणि पोत्यात गुंडाळून घरी आणले. पॅकिंग अजून यावयाचे आहे.